खर्जाला जागा

कात्रीसरांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. दारावरच्या पाटीवर जे काही लिहिलं होतं ते फक्त कुरिअरवाल्याच्या उपयोगाचं. हे टोपणनाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर सगळी कामं करतो. गाणी वाजव म्हटलं की वाजवतो, चित्रं दाखव म्हटलं की दाखवतो, कशालाच नाही म्हणत नाही. कात्रीसर जे प्रोसेसर आखायचे ते एकाच कामाचे. लिफ्टच्या दाराचा वेगळा, पाण्याच्या मीटरचा वेगळा, छातीचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याचा वेगळा. ज्याला जिथे बसवायचं त्याला तेवढंच शिकवायचं आणि बाकीचं दयामाया न दाखवता कापून टाकायचं. मग चिप लहान होते, तापत नाही आणि बॅटरी टिकते. कुणी नवी सोय सुचवायला आलं की सर चष्मा कपाळावर चढवत आणि एवढंच विचारत, "कोण वापरणार?" त्यावर भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

बोलण्याच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. एका शब्दात भागत असेल तर दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि मान हलवून भागत असेल तर पहिल्यालाही नाही. आवाज मात्र असा खोल, खर्जातला, की फोनवर नुसतं 'हॅलो' म्हणाले तरी समोरच्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय.

त्यांच्या बायकोला ऑफिसात सगळे वहिनी म्हणत, आपणही तेच म्हणू. वहिनींनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावरही वर्ग सुटल्याचं मनावर घेतलं नाही. त्यांना बोलायला आवडे, आणि सरांना त्यांचं बोलणं कानावर पडत राहिलेलं आवडे, हे मात्र त्यांनी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं संसार असा छान चालला होता. सात वर्षांपूर्वी वहिनींना आधी दारावरची घंटा ऐकू येईना, मग चालू राहिलेला नळ, मग माणसं. दुकानातून दोनदा कानाची यंत्रं आणली. दोन्ही आठवड्याभरात कपाटाच्या खणात गेली.

"माणूस बोलला तरी मोठं आणि ताटली पडली तरी मोठं," वहिनी वैतागून म्हणाल्या होत्या. "मला मोठं नकोय हो, मला निवडलेलं पाहिजे. खडे बाजूला, दाणे बाजूला."

म्हणून कंपनीकडे कानातल्या यंत्राच्या चिपचं काम आलं तेव्हा कात्रीसर साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "हे मी करणार." सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःहून काही मागितल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे साहेबांनी कारणही विचारलं नाही.

घरी त्यांनी वहिनींना कागदावर लिहून सांगितलं. वहिनींनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "घालेन. तुम्ही केलंय म्हणून घालेन. पण हे शेवटचं बरं का. नाही जमलं तर परत माझ्या कानांच्या मागे लागायचं नाही. मी आपली गप्प बसून राहीन. आणि ती मसुराएवढी बॅटरी सकाळी एकदा घालीन, दुपारी पुन्हा बदलायला माझी बोटं चालत नाहीत."

सर हं म्हणाले. वहिनी गप्प बसलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. अलीकडे मात्र पाहुणे आले की त्या थोडं हसून कोपऱ्यात मासिक उघडून बसत, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. गप्प बसण्याची सुरुवात झालीच होती. ही चिप जमली नाही तर उरलेलं आयुष्य दोघं एका घरात मुक्यासारखे वावरणार, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

आता अशा चिपची आखणी कशी करतात ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. आधी काम बघायचं, मग यंत्र आखायचं. कानातलं यंत्र म्हणजे घरातले आवाज. तेव्हा सरांनी एक छोटा रेकॉर्डर स्वयंपाकघराच्या फळीवर आणि एक बाहेरच्या खोलीत ठेवला. पहिले दोन दिवस वहिनी येता-जाता त्याला "काय, बरं आहे ना?" असं विचारत होत्या. तिसऱ्या दिवसापासून विसरल्या. चौदा दिवसांचं रेकॉर्डिंग जमा झालं. नळ, भांडी, पंखा, शेजारीण, मुलीचा व्हिडिओ कॉल, सगळं त्यात. मग आवाज निवडणारा प्रोग्रॅम या रेकॉर्डिंगवर चालवायचा आणि त्यातला कुठला भाग किती वेळा धावला ते मोजायचं. जो भाग रोज राबतो त्याला चिपमध्ये हक्काची जागा. जो क्वचित उगवतो त्याला डच्चू.

गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढायचा तर त्याची चाल ओळखावी लागते. आवाजाची लाट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात हे अंतर लहान असतं, खर्जातल्या आवाजात लांब. अंतर जितकं लांब तितकं मागचं चिपला जास्त लक्षात ठेवावं लागतं. म्हणजे मेमरी आली, म्हणजे बॅटरीवर ताण आला. सरांनी मोजमाप पाहिलं. लांब अंतरांचा भाग शंभरात एकदासुद्धा धावत नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्वतःलाच "कोण वापरणार?" विचारलं आणि अर्धी मेमरी उडवली. बॅटरी बारा तासांवरून सतरा तासांवर गेली. साहेब खूश, सर खूश. त्या दिवशी घरी जाताना सरांनी फुलं नेली होती, म्हणजे ते किती खूश असतील बघा.

सगळ्या खोलीत एकच माणूस खूश नव्हतं, ते म्हणजे फौजदारबाई. तपासणीचं काम त्यांच्याकडे होतं. दुसऱ्याचं डिझाइन निर्दोष ठरेपर्यंत गुन्हेगारच आहे, असं धरून चालणं हा त्यांचा धंदा होता आणि स्वभावही. इतर लोक आकडे जुळले की सही करत. बाई कानांवर हेडफोन चढवून सगळं स्वतः ऐकत. चिप कारखान्याकडे जायला नऊ दिवस उरले होते. एकदा आराखडा गेला की सिलिकॉनवर कोरलेलं खोडता येत नाही. अशा वेळी एके सकाळी बाई सरांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, तुमच्या घरात पुरुष कोण आहे?"

"मी," सर म्हणाले.

"नक्की?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. बाईंवर त्याचा काहीही परिणाम होत नसे.

"परवा मी बाहेरच्या लोकांच्या आवाजांचे नमुने घालून बघितले," बाई म्हणाल्या. "बायका ठणठणीत, मुलं ठणठणीत. जड आवाजाचे पुरुष दहातले आठ गायब. मला वाटलं नमुन्यांत खोट असेल, म्हणून तुमच्या घरचं रेकॉर्डिंग काढलं. हे ऐका. सहाव्या दिवसाची सकाळ. चिपमधून गाळून काढलेलं."

सरांनी हेडफोन लावले. नळ दूर कुठेतरी गेला होता, भांडी त्याहून दूर, आणि वहिनींचा आवाज कानाशी बसून बोलल्यासारखा. सरांना क्षणभर अभिमानच वाटला. वहिनी म्हणत होत्या, "अहो, समोरच्यांच्या मुलीला नोकरी लागली. रविवारी भेटून येऊ या का?" मग काहीच नाही. मग वहिनी, "हो हो, तुम्हाला काय, तुम्हाला सगळंच चालतं."

"मधे मी बोललो होतो," सर म्हणाले.

"बोलला होतात. हे मूळ रेकॉर्डिंग." बाईंनी बटण दाबलं. नळाच्या आणि भांड्यांच्या गदारोळात तळाशी कुठेतरी आवाज आला, "हं. चालेल."

"चिपने तुम्हाला पंखा समजून गप्प केलंय, सर."

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाईंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "चौदा दिवसांत तुम्ही घरात त्रेसष्ट वेळा बोललात. त्यातले एक्केचाळीस 'हं'. सगळ्यात लांब वाक्य सहा शब्दांचं, 'अगं, माझा चष्मा पाहिलास का कुठे?' आणि तो कपाळावरच होता, हे वहिनींच्या हसण्यावरून कळतं." मग बाईंचा सूर जरा उतरला. "मोजमाप चुकलेलं नाही. तुमचा आवाज खरंच शंभरात एकदाही येत नाही. तुम्ही नियमाप्रमाणेच कापलंय."

असली चूक करायला माणूस हुशारच लागतो. साध्यासुध्या माणसाने दुकानातून तयार चिप आणली असती आणि तिने निदान नवऱ्याचा आवाज तरी बायकोपर्यंत पोचवला असता. आमच्या सरांनी मापं घेतली, तीही घरात बसून घेतली, आणि त्या मापांत स्वतःच बसले नाहीत.

बाई गेल्यावर सर दुपारभर ते मूळ रेकॉर्डिंग ऐकत राहिले. आकडे बघण्याच्या नादात त्यांनी ते कधी सलग ऐकलंच नव्हतं. वहिनी त्यांच्याशी बोलत होत्या. स्वयंपाकघरातून, जिन्यातून, दुसऱ्या खोलीतून. प्रश्न विचारला की थांबत होत्या. समोरच्याने उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, अगदी तेवढंच थांबत होत्या. मग सरांच्या वाटचं उत्तरही स्वतःच देत होत्या. "नको म्हणताय? बरं, नको तर नको." "दमलात ना? मला दिसतंय." एकदा तर त्यांनी आवाज जाड करून सरांची नक्कल केली, "'जाऊ या.' जाऊ या म्हणालात ना? मग ठरलं तर."

सरांनी ती जागा तीनदा ऐकली. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की लांबलचक काही लिहून द्यावं लागलं तरी आपलं 'हं', 'चालेल' एवढं बायकोला ऐकू येतं, कारण ती नेहमी बरोबर बोलायची. ती ऐकून बोलत नव्हती. चौतीस वर्षांच्या सवयीने नवरा काय म्हणेल ते ओळखून बोलत होती. तिच्याकडे येणारा आवाज सात वर्षांपूर्वीच बंद झाला होता आणि तिने ते यांना कळूही दिलं नव्हतं. सरांना लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ बायकोची इतकी माया आली की डोळ्यांतून पाणी आलं. काचेच्या भिंतीपलीकडे लोक बसलेले होते, म्हणून त्यांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधली.

मग घोडं अडलं ते जागेपाशी. कापलेली मेमरी परत आणली की बॅटरी बारा तासांवर. म्हणजे संध्याकाळी सहाला वहिनींचे कान बंद, आणि सर घरी पोचणार साडेसहाला. साहेब म्हणाले, "ही आवृत्ती अशीच जाऊ दे. पुरुषांचं पुढच्या आवृत्तीत बघू."

"पुढची कधी?"

"दोन वर्षांनी."

"नाही," सर म्हणाले, आणि साहेब उठणार तेवढ्यात पुढे म्हणाले, "माझ्या बायकोने सात वर्षं वाट बघितली. मला नऊ दिवस द्या. जमलं नाही तर मी स्वतः सांगेन." कात्रीसरांच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं ऐकून साहेब परत खाली बसले.

पुढचे चार दिवस सर आणि फौजदारबाई फळ्यासमोर उभे होते. आणखी काय कापता येईल? काहीच नाही. आधीच सगळं असं कापलेलं की कात्री लावायला कापडच उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "आपण कोरडंच बोलतोय. खर्जातल्या आवाजाचे घरातले नमुनेच आपल्याकडे नाहीत. बाहेरचे आहेत ते सगळे बातम्या वाचल्यासारखे. तुम्ही घरी बोलता तसं रेकॉर्ड करून आणा."

"घरी मी बोलत नाही."

"ते कळलंय मला. मग बोला!"

त्या संध्याकाळी जेवायच्या टेबलावर सरांनी रेकॉर्डर ठेवला, खुर्ची वहिनींच्या अगदी समोर ओढली आणि घसा साफ केला. वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला.

"आज ऑफिसात काय झालं माहितेय का," सर म्हणाले.

वहिनींचं तोंड उतरलं. त्यांची नजर सरांच्या ओठांवर होती. "ऑफिसात? नोकरी गेली?"

"नाही गं."

"मग डॉक्टरांनी काही सांगितलं? खरं सांगा. तुम्ही असे समोर बसून कधी बोलता का?"

"सांगतो. ऐक तर."

पण सांगणं सोपं नव्हतं. सरांना बोलायची सवय नव्हती, आणि वहिनींना ओठांवरून जेमतेम अर्धं कळायचं. सर भराभर बोलून मोकळं व्हायला बघत आणि वहिनी दर वाक्याला "काय?" विचारत. तिसऱ्या खेपेला सगळं कळलं. चिप, चौदा दिवस, त्रेसष्ट वेळा, पंखा. वहिनी आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे मला जो कान मिळणार होता," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्यात शेजारीण आहे, मुलगी आहे, आणि नवरा तेवढा नाही! अहो, कुठल्या बायकोला असा कान मिळतो? बाजारात नेलात तर रांगा लागतील!"

सर हसले नाहीत. त्यांनी वहिनींचा हात धरला. "मला असायचंय त्यात," ते म्हणाले.

हे मात्र वहिनींना पहिल्याच खेपेला कळलं. मग त्यांनी शाळेतल्या बाईंसारखा हात टेबलावर आपटला. "मग सावकाश बोला. तुमचा आवाज संथ, आणि तुम्ही बोलता घाईने, म्हणून सगळं एक होऊन जातं. सावकाश बोललात ना, तर मधलं मधलं सुटलं तरी मला लागतं. शेजारणीचं तसं नाही, ती टिपऱ्यांसारखी बोलते, एक शब्द सुटला की गेलं सगळं. तुमचं निम्मं मिळालं तरी पुरतं मला."

सरांचा घास हातातच राहिला.

निम्मं मिळालं तरी पुरतं. बरोबरच होतं. चिप आवाजाची लाट ठिपक्याठिपक्यांनी मोजून लक्षात ठेवते. बारीक आवाजाची लाट लगबगीची. तिचा एकेक ठिपका बघावा लागतो. खर्जाची लाट संथ. तिची चाल ओळखायला प्रत्येक ठिपका कशाला पाहिजे? एक घ्यायचा, एक सोडायचा. लांबच्या अंतरासाठी एकाआड एक ठिपका लक्षात ठेवला तर मेमरी निम्मीच लागेल. इतके दिवस दोघं हुशार माणसं अख्खी मेमरी परत आणायची की आणायचीच नाही, एवढ्यावरच डोकं फोडत बसली होती.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"तू इंजिनीअर व्हायला हवी होतीस," सर म्हणाले. वहिनींना ते नीट कळलं नाही, पण चेहऱ्यावरून काहीतरी चांगलं बोलले एवढं कळलं, तेव्हा त्यांनी आणखी वाढलं. सर त्या संध्याकाळी दोन तास बोलले. कंपनीत लागल्यापासूनचं सगळं सांगितलं. वहिनींना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्या टेबलावरून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रोसेसरला एक नवी आज्ञा शिकवली, एकाआड एक उचलायची. सव्वीस वर्षांत सगळ्यांनी त्यांना कापताना पाहिलं होतं. काही जोडताना बघायला लोक काचेशी गोळा झाले. फौजदारबाईंनी त्यात दोन चुका काढल्या, सरांनी निमूटपणे दुरुस्त केल्या. बॅटरी सतरावरून सोळा तासांवर आली. सकाळी सहा ते रात्री दहा, वहिनींचा अख्खा दिवस. नवव्या दिवशी दुपारी बाईंनी सही केली आणि आराखडा कारखान्याकडे गेला.

चिप हातात यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत सर घरी बोलत राहिले. रेकॉर्डर कधीच उचलून ठेवलेला होता, तरीही. वहिनी ओठ बघत, निम्मं समजून घेत, निम्म्याची गंमत करत. पण ओठ बघून दमायला होतं. संध्याकाळ झाली की त्या डोळे मिटून घेत, आणि डोळे मिटले की सरांचं बोलणं संपायचं.

चाचणीच्या दिवशी वहिनी ऑफिसात आल्या. भिंतींना जाड गाद्या लावलेली एक खोली होती, तिथे त्यांना बसवलं. चिप अजून कानात बसण्याजोगी बांधलेली नव्हती. तळहाताएवढ्या पट्टीवर होती आणि तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत आणली होती. वहिनी परीक्षेवर देखरेख करायला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर घट्ट धरलेले. त्यांनी दिलेला शब्द खोलीत तिघांनाही ठाऊक होता. फौजदारबाईंनी कोपऱ्यातल्या स्पीकरवर घरातला गोंगाट लावला, नळ, पंखा, भांडी, आणि मग वायर जोडली.

"वहिनी, माझं ऐकू येतंय?" बाईंनी विचारलं. तोंडावर कागद धरून विचारलं, ओठ दिसू नयेत म्हणून.

वहिनी दचकल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या स्पीकरकडे पाहिलं, मग बाईंकडे. "येतंय. अगं, तुझा आवाज एवढासा आहे होय? यांच्या सांगण्यावरून मला वाटलं, चांगली दांडगी असशील!"

बाई हसल्या आणि त्यांनी सरांना खूण केली. मुलीला शाळेत सोडलं तेव्हा, आईला दवाखान्यात नेलं तेव्हा, आयुष्यात कधी ते इतके घाबरले नव्हते. ते वहिनींच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. आदल्या दिवशी एक छान वाक्य तयार केलं होतं, ते पार विसरलं.

"अगं," ते म्हणाले, "मी बोलतोय."

वहिनी हलल्या नाहीत. मान वळली नाही, काही नाही. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई पडद्याकडे बोट दाखवत होत्या. चिपने आवाज ओळखला होता, उचलला होता, पुढे पाठवला होता. म्हणजे चिपचं काम झालं होतं आणि तरी वहिनी गप्प होत्या. सरांना वाटलं, संपलं.

"ऐकू येत नसेल तर तसं सांग," ते सावकाश म्हणाले. "मी पुन्हा तुझ्या कानांच्या मागे लागणार नाही. ठरलंय आपलं. बोलायचं ते मी समोर बसून बोलेन, रोज बोलेन. तू फक्त..."

वहिनींनी हात वर केला, वर्गाला थांबवतात तसा. मग त्या वळल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज म्हातारा झाला."

सर खुर्चीला वळसा घालून समोर आले.

"मला कुणी सांगितलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमची उत्तरं मी द्यायचे ना मनातल्या मनात, ती सगळी त्या आधीच्या आवाजात द्यायचे. जिना धाडधाड चढून यायचात तेव्हाचा आवाज. मला वाटलं, तोच आहे अजून." त्यांनी हात पुढे केला आणि सरांच्या गळ्यापाशी ठेवला. "कधी झाला हो असा?"

"माहीत नाही," सर म्हणाले. आवाज आणखीच म्हातारा आला. "मीही आत्ताच ऐकतोय. हा चालेल का?"

"न चालून सांगते कुणाला? पण ओळख व्हायला हवी. बसा इथे आणि बोला."

फौजदारबाई दार ओढून घेऊन बाहेर गेल्या. सर खुर्ची घेऊन बसले, आणि काहीच न सुचल्यामुळे सकाळी बसमध्ये छत्री विसरून उतरलेल्या एका माणसाची हकीकत सांगायला लागले. वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि "पुढे?" असं विचारलं.